खडखड कुठून येते?

घरात काही बिघडले की त्याचा दोष कुणाचा तरी असतो, आणि तो आपला नसतो, हा गृहस्थाश्रमाचा पहिला नियम आहे. दूध उतू गेले तर ते शेगडीमुळे, घड्याळ मागे पडले तर ते सेलमुळे, आणि जावई रुसला तर तो त्याच्या आईमुळे! मी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. मुलांच्या उत्तरात चूक कोणत्या पायरीवर झाली, ते नेमके बोट ठेवून दाखवण्यात माझा हातखंडा होता. पण स्वतःच्या हिशेबातली चूक शोधण्याची वेळ आली तेव्हा मी कसा वागलो, ते या दिवाळीच्या निमित्ताने एकदा सांगून टाकावे म्हणतो. सणासुदीला घर झाडतो, तसे मनही थोडे झाडून घ्यावे.

गोष्ट आमच्या गाडीची आहे. गाडी २००९ सालची, डिझेलवर चालणारी, युरोपीय घराण्यातली. तिचे नाव सांगत नाही. म्हातारपणी कुणाच्या दुखण्याची दवंडी पिटू नये. २०१४ साली मी ती सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून ती घरातल्या माणसासारखी आमच्याकडे राहिली. मुलीचे लग्न तिने पाहिले, नातवाला दवाखान्यातून घरी तिनेच आणले. कोल्हापूरहून पुण्याला तिने किती खेपा केल्या, त्याची तर मोजदाद नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात एके दिवशी दारात गाडी उभी करून मी किल्ली फिरवली, तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, गाडी बंद करताना काहीतरी खडखडतंय. डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखं."

"डिझेलची गाडी आहे. ती काय सतार वाजवणार?" मी म्हटले.

बायकोने ऐकलेला आवाज नवऱ्याला ऐकू यायला साधारण तीन आठवडे लागतात. श्रावण संपता संपता मलाही तो ऐकू येऊ लागला. सकाळी गाडी सुरू करताना एकदा खडखड होई. मग इंजिन स्थिरावे, पण पूर्ण शांत होत नसे. सिग्नलला उभे असताना आतून बारीक टकटक चाले आणि क्लचवर ठेवलेल्या डाव्या पायाला एक कापरे जाणवे. बंद करताना तर शेवटी 'खड्‌खड्‌ खट्' असा स्पष्ट आवाज होई. कुणीतरी रागाने पाट आपटून पंगतीवरून उठावे तसा.

माझे निदान तयारच होते. क्लच! आणि क्लच म्हटला की वस्ताद!

वस्तादांचे गॅरेज उद्यमनगरात आहे. कोल्हापुरात वस्ताद दोन ठिकाणी भेटतात, तालमीत आणि गॅरेजात, आणि दोन्हीकडे त्यांचे नाव घेताना लोक कानाची पाळी धरतात. आमच्या या वस्तादांनी २०२१ साली गाडीचा क्लच बदलला होता. तीन वर्षांत पुन्हा क्लच वाजतो याचा अर्थ काय? अर्थ सरळ होता: त्यांनी नकली माल घातला. याला पुरावा काहीच नव्हता. विद्यार्थ्याने अशी उडी मारली असती, तर मी तांबड्या शाईने 'कारण?' असे लिहून शून्य गुण दिले असते. पण स्वतःच्या मनाला कोण गुण देतो?

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. संध्याकाळी रंकाळ्यावर आमचा चार सेवानिवृत्तांचा कट्टा जमतो. भडंग असते, रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना असते आणि गावाची निंदा असते. तिथे मी ही गोष्ट सांगितली, आणि गोष्ट सांगताना ती थोडी रंगवावी लागते, म्हणून रंगवलीही. "माणूस गोड बोलतो, पण डबा एका कंपनीचा नि माल दुसऱ्याचा," असे माझे वाक्य होते. वाक्य चांगले जमले म्हणून मी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटले. आमच्यातल्या एकाचा मुलगा त्याच आठवड्यात आपली गाडी वस्तादांकडे टाकणार होता. त्याने ती दुसरीकडे नेली. हे कळले तेव्हा मला वाईट वाटले असे लिहायला फार आवडले असते. पण खरे सांगायचे तर मला समाधान वाटले.

मग मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथे काचेची खोली होती, कॉफीचे यंत्र होते आणि गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण होता. त्याने आवाज ऐकला न ऐकला, आणि इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी पायांवर बसते ते पाय, गेले आहेत असे सांगितले. दोन माउंटिंगे बदलली. अकरा हजार रुपये गेले, आवाज राहिला. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, इंजेक्टर असतील. चारही बदलावे लागतील. त्याने आकडा कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. हल्ली मोठे आकडे तोंडाने सांगत नाहीत.

घरी येऊन मी तो कागद हिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "अहो, मुलांना नापास करण्याआधी तुम्ही निदान पेपर तपासत होतात ना? मग त्या वस्तादांकडे जाऊन एकदा विचारा तरी."

गेलो. जाताना मनात असे होते, की त्यांना त्यांच्याच तोंडून पकडायचे.

उद्यमनगराच्या गल्ल्यांत लोखंडाचा वास असतो. एका दारात लेथ चाललेला, दुसऱ्या दारात ओतकामाच्या पेट्या रचलेल्या, आणि मधेच एखादा चहाचा गाडा. वस्ताद सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी "या सर" म्हणून स्टूल पुसून दिले. मी आवाजाचे वर्णन सुरू केले, तेव्हा हात वर करून ते म्हणाले, "तुम्ही सांगू नका. तिलाच सांगू द्या."

आधी त्यांनी बॉनेट उघडून बॅटरी तपासली. मला वाटले, हे वेळकाढूपण आहे. पण त्याला कारण होते. बॅटरी थकलेली असेल तर स्टार्टर इंजिनाला रेंगाळत फिरवतो, आणि तेवढ्यानेही सुरू होताना खडखड होते. बॅटरी ठीक निघाली. मग त्यांनी किल्ली फिरवली. खडखड झाली. त्यांनी गाडी बंद केली, आणि शेवटचा 'खट्' झाला तसे त्यांनी डोळे मिटले.

"सर, पयल्यांदा माझाच क्लच बगतो," ते म्हणाले. "काम माझं हाय, तवा संशय पयला माझ्यावर."

मी काही बोललो नाही. माझ्या तयारीतले पहिलेच वाक्य त्यांनी घेतले होते.

आम्ही दोघे गाडीतून राजारामपुरीकडच्या चढाला गेलो. वरच्या गियरात त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे भराभर वाढतात आणि गाडी मात्र तिथेच रेंगाळते. तसे झाले नाही. फेरे आणि वेग हातात हात घालून वाढले. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून त्यांनी पेडल सावकाश दाबले, सावकाश सोडले. क्लचचे बेअरिंग खराब असेल तर पेडल दाबल्यावर किरकिर सुरू होते. गिअरबॉक्समधले बेअरिंग खराब असेल तर पेडल दाबताच घरघर थांबते. आमच्या गाडीची टकटक दोन्ही रीतींत बसत नव्हती. पेडल दाबताना तिचा सूर बदले, पण ती ना धड सुरू होई, ना धड थांबे.

मग त्यांच्या मुलाने स्कॅनर जोडला. चारही सिलिंडरांत डिझेल सारखे पडते की नाही ते पाहिले. एक सिलिंडर अर्धपोटी असेल तर इंजिन लंगडते आणि तशीच खडखड ऐकू येते. आकडे मर्यादेत होते. म्हणजे इंजेक्टरांचा तो कागदावरचा आकडा मी भरला असता, तर पैसे जाऊन खडखड तशीच राहिली असती. माउंटिंगे नवीच होती. पैसे तर त्यांचे मीच मोजले होते.

शेवटी पुन्हा रस्त्यावर. सपाट रस्ता, चौथा गियर, फेरे बाराशेच्या आसपास, आणि त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. गाडीच्या पोटातून एक घुमारा निघाला, आसन थरथरले, आरसा धूसर झाला. फेरे दोन हजारांच्या जवळ गेले तसे सगळे निवळले.

"फ्लायव्हील," वस्ताद म्हणाले.

फ्लायव्हील म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक होते. पंचगंगेच्या काठी आमच्या आजोबांचा मळा होता आणि उसाला पाणी पाजायला तेलाचे इंजिन होते. गावात त्याला 'इंजान' म्हणत. त्याला माझ्या छातीपर्यंत येणारे ओतीव लोखंडाचे जड चाक होते. आजोबा हवा मोकळी करणारी कळ उचलत, हँडल घालून चाक फिरवीत, आणि चाकाने वेग घेतला की कळ सोडून देत. मग 'डुग्... डुग्... डुग्' असा आवाज नदीपर्यंत जाई. त्या इंजिनात चाकाच्या दोन फेऱ्यांत एकच स्फोट होई. स्फोट झाला की चाक तो जोर अंगात साठवी आणि पुढच्या स्फोटापर्यंत पुरवून पुरवून खर्च करी. एक तारखेचा पगार शिक्षकाच्या घरात तीस तारखेपर्यंत पुरवतात तसा. त्या चाकाने कधी खडखड केल्याचे मला आठवत नाही.

"त्ये एकसंध चाक," वस्ताद म्हणाले. "हे जोडचाक हाय. ड्युअल मास."

त्यांनी एका खोक्यातून कुणाच्या तरी गाडीचे जुने, कापून उघडलेले चाक काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मांडी दबली. जात्याचे दोन दगड एका खुंट्याभोवती असतात, तसे ते एका आसाभोवतीचे दोन जड तुकडे. एक इंजिनाच्या दांड्याला बोल्टांनी घट्ट जोडलेला, दुसऱ्यावर क्लच बसवलेला. दोघांच्या मध्ये कमानीसारख्या वाकवलेल्या लांब स्प्रिंगा, ग्रीसमध्ये बुडालेल्या. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत चार स्फोट होतात. गाडी नुसती उभी असताना मिनिटाला आठशे फेरे धरले, तर स्फोट झाले सोळाशे. सेकंदाला सत्तावीसच्या घरात. डिझेलचा एकेक स्फोट म्हणजे हातोड्याचा घाव. हे घाव थेट गिअरबॉक्सच्या दात्यांवर बसू नयेत, ते मधल्या स्प्रिंगांनी पोटात घालावेत, म्हणून ही रचना. पूर्वी अशा स्प्रिंगा क्लचप्लेटमध्येच असत, पण तिथे त्यांना जागा थोडी. १९८० च्या दशकाच्या मध्यास युरोपातल्या मोटारींत हे जोडचाक आले, आणि पुढे डिझेलच्या गाड्यांत ते सर्रास झाले.

"मग सुरू करताना आणि बंद करतानाच जास्त का वाजतं?" मी विचारले. आता माझ्यातला मास्तर जागा झाला होता.

झोपाळ्याला जसा त्याचा एक ठरावीक झोका असतो, तशी या स्प्रिंगांनाही त्यांची एक लय असते. त्या लयीवर धक्के बसले की हलणे बेसुमार वाढते. म्हणून चाक घडवणारे ती लय मुद्दाम इंजिनाच्या किमान फेऱ्यांच्याही खाली ठेवतात. एरवी इंजिन तिच्या वरच असते आणि सगळे सुरळीत चालते. पण सुरू होताना आणि बंद होताना त्याला त्या लयीतून जावेच लागते. स्प्रिंगा धडधाकट असतील तर ते क्षणभराचे ओलांडणे कळतही नाही. त्या थकल्या, ग्रीस सुकले किंवा उडाले, की दोन्ही तुकडे एकमेकांवर आपटतात. उंबरठा ओलांडतानाच म्हाताऱ्याचा गुडघा वाजावा, तसे.

"सर, एक इचारू?" वस्ताद म्हणाले. "पाचवा गियर किती स्पीडला घालता?"

"पन्नासला. कधी त्याच्याही आधी."

ते हसले, पण बोलले नाहीत.

त्यांचे हसणे मला कळले आणि वडील आठवले. १९७३ साली जगभर तेलाचे भाव भडकले, तेव्हा वडिलांकडे जुनी फियाट होती. "वरचा गियर म्हणजे बचत," हा त्यांचा मंत्र. गाडी गुरगुरून विनवणी करीपर्यंत ते खालचा गियर घालत नसत. मी त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलो आणि मंत्रही शिकलो. त्यांच्या गाडीला तो मानवला असेल. माझ्या गाडीत मात्र हजार-अकराशे फेऱ्यांवर पाचवा गियर घालून पाय दाबणे, म्हणजे प्रत्येक घाव त्या स्प्रिंगांना शेवटच्या टोकापर्यंत दाबणे. दहा वर्षे मी थेंब थेंब डिझेल वाचवले, आणि वाचवलेला प्रत्येक थेंब त्या चाकाने आपल्या अंगातून दिला.

"तरी गिअरबॉक्स उतरल्याबिगर मी शपथेवर सांगणार न्हाई," वस्ताद म्हणाले. "आवाजानं दिशा कळती. खरं काय त्ये हातानं धरल्यावरच कळतं. उद्या दुपारी या."

त्या रात्री मी कपाटातून गाडीची फाईल काढली. उद्या क्लच उघडा पडणार होता. तो नकली निघाला तर हातात २०२१ चे बिल असावे, एवढाच हेतू. वस्तादांनी सगळ्या चाचण्या डोळ्यांदेखत केल्या होत्या, तरी मनाच्या कोपऱ्यात वकील बसलेलाच होता! मी शाळामास्तर, बिल हरवणे मला माहीत नाही. सापडले. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी. सगळे नीट लिहिलेले. खाली निळ्या पेनाने, वस्तादांच्या मुलाच्या अक्षरात, दोन ओळी होत्या: फ्लायव्हीलला ढिलाई जास्त आहे, आत्ता बदलावे असे सांगितले. मालकांनी नको म्हटले.

आणि त्याखाली माझी सही. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर हजारो वेळा केलेली, शेवटी एक आडवी रेघ मारलेली.

मग सगळे आठवले. तसे पाहिले तर विसरलो कुठे होतो? २०२१ च्या त्या दुपारी वस्ताद म्हणाले होते, "सर, गिअरबॉक्स उतरलेलाच हाय. आत्ता बदललं तर मजुरी एकदाच पडंल." मी किंमत विचारली होती, आणि 'चालतंय तोवर चालू द्या' असे म्हटले होते. एवढेच नव्हे, तर घरी येऊन हिला अभिमानाने सांगितले होते, की मला एक नको असलेली वस्तू गळ्यात मारत होते, पण मी बधलो नाही.

फाईल घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "सापडलं का?" मी म्हटले, "सापडलं." तिने आणखी काही विचारले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आवाजावरून दिशा तिलाही कळते.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गाडी उचललेली होती आणि गिअरबॉक्स खाली लाकडी ठोकळ्यावर ठेवला होता. वस्तादांनी आधी क्लच माझ्या हातात दिला. त्यावरचा कंपनीचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता, आणि प्लेट जेमतेम निम्मी झिजली होती. मग ते मला चाकाकडे घेऊन गेले. घराच्या आतल्या भिंतीवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले. चाकाच्या तोंडावर तापल्याचे निळसर डाग. त्यांनी मागचा तुकडा दोन्ही हातांनी धरला, एका बाजूला स्प्रिंगेचा जोर लागेपर्यंत फिरवला आणि खडूने खूण केली. मग दुसऱ्या बाजूला फिरवला आणि मला दाते मोजायला सांगितले. मी मोजले. कंपनीच्या तक्त्यात या चाकाला जेवढी मोकळीक चालते म्हणून लिहिले होते, तिच्या दुपटीहून ती जास्त होती. नंतर त्यांनी तोच तुकडा पुढेमागे हलवला. सैल दातासारखा तो डुलला.

"लेथवर साफ करून नाही का चालणार?" जित्याची खोड म्हणतात ती ही.

"एकसंध असतं तर केलं असतं. ह्याचं दुखणं आत हाय, सर. वरनं घासून काय हुनार?"

एकसंध चाक घालण्याचा मार्गही होता. ते स्वस्त पडते, आणि काही लोक तसे करतात. पण वस्ताद म्हणाले, घाव कुठेतरी जाणारच. आज चाक खाते, उद्या गिअरबॉक्स खाईल. दिवाळीत मुलगी, जावई आणि नातू येणार होते आणि आंबा घाटातून रत्नागिरीला जायचे ठरले होते. घाटात तीन पिढ्या बसवून मला प्रयोग करायचा नव्हता. नवे जोडचाक, नवा क्लच आणि चाकाचे नवे बोल्ट असा हिशेब झाला. हे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून ते पुन्हा वापरत नाहीत. सगळे मिळून पाऊण लाखाच्या घरात गेले. २०२१ साली ऐकले असते तर मजुरी वाचली असती, निम्म्यावर आलेला हा क्लच आणखी काही वर्षे चालला असता, आणि त्या दोन माउंटिंगांचे अकरा हजारही वाचले असते. गणिताच्या मास्तराला ही बेरीज तोंडी करता आली.

खिशातून ते जुने बिल काढून मी वस्तादांपुढे धरले. "हे तुम्ही मला सांगितलं होतं," मी म्हटले.

त्यांनी ते हातात न घेताच वाचले. "सांगितलं असंल. आमी समद्यांनाच सांगतो. ऐकत्यात थोडी."

"आणि मी बाहेर तुमच्याबद्दल बोललो. नकली माल घातला म्हणून."

ते चिंधीने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय मला. रंकाळ्यावरचं बोलणं उद्यमनगरात यायला किती येळ लागतोय, सर?"

"मग काल बोलला नाहीत ते?"

"काल आवाज ऐकायचा हुता. डोस्क्यात राग घेऊन आवाज ऐकू येत न्हाई." आणि मुलाला हाक मारून त्यांनी चहा सांगितला.

मला वाटते, सगळ्या निदानविद्येचे सार त्या म्हाताऱ्याने मला त्या दिवशी सांगितले. पहिला संशय स्वतःच्या कामावर घ्यायचा. एकेक शक्यता तपासून बाजूला ठेवायची. जी आपल्याला सोयीची, तिच्याकडे दोनदा बघायचे. शेवटी वस्तू हातात धरून, खडूने खूण करून, दाते मोजायचे. मी छत्तीस वर्षे हेच फळ्यावर शिकवत होतो. फक्त खडू दुसऱ्याच्या चुकीवर चालत होता.

राहिला कट्टा. खोटी गोष्ट मी तिघांना एका संध्याकाळी सांगितली होती. खरी सांगायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण रोज एक जण गैरहजर असे, आणि मी प्रत्येकाला तोंडावर सांगायचे ठरवले होते. पहिला म्हणाला, "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात!" दुसरा मनापासून हसला. तिसरा म्हणजे ज्याच्या मुलाने गाडी दुसरीकडे नेली तो. तो हसला नाही. बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "गाडीचं काम झालं तिकडे. पण बोललास ते वाईट बोललास रे." तो बोलला ते मला बरे वाटले. पुढच्या सर्व्हिसिंगला त्याच्या मुलाची गाडी उद्यमनगरात दिसली, तेव्हा आणखी बरे वाटले.

भाऊबीज आटोपून आम्ही रत्नागिरीला निघालो. मलकापूर मागे पडले, रस्ता वर चढू लागला, आणि सवयीने माझा हात चौथ्या गियरावरच थांबला. शेजारून ही हळूच म्हणाली, "अहो, तिसरा घाला." मी तिसरा घातला. गाडी मोकळ्या गळ्याने चढू लागली.

आंब्याला चहासाठी थांबलो. मी किल्ली फिरवली आणि तसाच बसून राहिलो. हीही दाराला हात लावून थांबली होती. मागून नातू म्हणाला, "आजोबा, काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटले. "तेच ऐकत होतो."